समुद्र सोडून खाणीत कशाला?

"समुद्र असताना स्कूबा डायव्हिंगला त्या खाणीच्या पाण्यात कशाला उतरतेस? आणि तेही मुद्दाम बुडवलेली बस बघायला?" हे मला इतक्या वेळा विचारून झालंय की "सरावासाठी" एवढंच म्हणून मी मोकळी होते. ज्यांच्या कानावर माझ्या आणि ताईच्या त्या डायव्हबद्दल काही आलंय, ते पुढे विचारतात, "त्या दिवसानंतरसुद्धा?" तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

आधी खाणीची बाजू घेते, कारण तिच्याबद्दल फार हलकं बोललं जातं. दगड काढायचं काम थांबतं, पंप बंद होतात आणि झऱ्यांचं पाणी तो खड्डा भरून टाकतं. इंग्लंडमधली स्टोनी कोव्ह ही अशीच ग्रॅनाइटची खाण. तिच्यात २००० साली स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट बुडवली. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मर्मेट स्प्रिंग्जमध्ये तर अख्खं बोइंग ७२७ विमान पाण्याखाली आहे. लोकांना हे खोटं वाटतं, मांडून ठेवलेल्या देखाव्यासारखं. मला तसं कधीच वाटलं नाही. समुद्रात बुडालेल्या जहाजाबरोबर कितीदा तरी माणसंही गेलेली असतात. खाणीतली बस कुणाचा जीव घेऊन खाली गेलेली नसते. आधी इंजिन आणि तेल काढतात, काचा काढतात, आत कुणी अडकू नये म्हणून दारं मोकळी करतात, मग ती बुडवतात. कुणीतरी आपल्या शिकण्याचा एवढा विचार केलाय, त्याला खोटं कसं म्हणायचं?

आणि खाण सोपीही नसते. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं, म्हणून कमरेचं वजन नव्याने ठरवावं लागतं. पायातला एक फिन (पोहायचा पंख) चुकीचा पडला की तळाचा गाळ उठतो आणि प्रवाह नसल्यामुळे तिथेच लोंबकळत राहतो. सर्वांत फसवी म्हणजे थर्मोक्लाइन. वरचं पाणी उन्हाने तापतं, खालचं तापत नाही, आणि दोन्ही सहजी एकमेकांत मिसळत नाहीत. हाताने दाखवता येईल अशी ती रेघ असते. ती ओलांडली की कपाळ ठणकतं.

बस १२ मीटरवर आहे, त्या रेघेच्या खाली. त्या दिवशी तिथलं पाणी ६ अंश होतं. मी आत ड्रायव्हरच्या जागेपाशी, ताई दाराबाहेर. तिने बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटात, हवा भरली आणि त्याच क्षणी मोठा श्वास घेतला. सिलिंडरमधली दाबलेली हवा सुटताना थंड होते. पाणी आधीच इतकं गार असलं की रेग्युलेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्रात, बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा धो धो वाहू लागते. यालाच फ्री-फ्लो म्हणतात. अख्खं सिलिंडर काही मिनिटांत रिकामं होतं.

मी तो आवाज ऐकला आणि ओळखलाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोहोचतो, म्हणून दिशा कळत नाही. तो सगळीकडूनच येत होता. मी घाईने मागच्या मोकळ्या बाजूने बाहेर पडले, जोरात फिन मारले आणि गाळ उठला. हवा किती उरली ते दाखवणारा स्वतःचा गेज मास्कला टेकवल्याशिवाय वाचता येईना. नियम साधा आहे: बडी, म्हणजे डायव्हमधला जोडीदार, दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं. मी एकदा वळले, बहुतेक दोनदा. आणि वर निघाले. आवाज चालू असताना.

वर आले तर दहा हातांवर पाणी उकळत होतं. ताई नेमकी कुठे आहे हे ते बुडबुडे मला दाखवत होते. माझ्याकडे १३० बार, म्हणजे भरपूर, हवा होती. छातीवर जादाचा रेग्युलेटर होता, जो दुसऱ्याला द्यायलाच असतो. मी बीसीडी फुगवली आणि त्या बुडबुड्यांकडे बघत राहिले.

ताई त्यांच्यातूनच वर आली. दात सैल ठेवून, वाहणाऱ्या हवेतली लागेल तेवढी घेत, बाकीची ओठांच्या कडेने जाऊ देत तिने श्वास चालू ठेवला होता. गेजचा काटा शून्याला आलेला. ओठ निळे. पहिलं वाक्य म्हणाली, "तू ठीक आहेस ना? मी दाराशीच थांबले होते."

नंतर दोघींच्या डायव्ह कॉम्प्युटरमधले खोली आणि वेळेचे आलेख शेजारी ठेवून पाहिले. मी निघाल्यावर ती पाऊण मिनिट १२ मीटरवरच होती. तेवढी हवा तिने माझी वाट बघण्यात घालवली.

एकटीने पुन्हा खाली न जाणंच बरोबर होतं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं. कुठलाही प्रशिक्षक हेच सांगेल. घाबरलेली मी खाली गेले असते तर कदाचित वर काढायला दोघी झाल्या असत्या. हे मी आजही खोडून काढत नाही. पण तो नियम मला काठावर सूट उतरवताना आठवला. पाण्यात असताना डोक्यात नियम नव्हता. खाली जायचं नाही, एवढंच होतं. योग्य गोष्ट भीतीपोटी केली तर ती योग्यच राहते का? कधी वाटतं, राहते. ताई जिवंत आहे, मीही आहे. कधी तो बुडबुड्यांचा खांब आठवतो आणि हे सगळं म्हणणं मला मीच रचलेलं वाटतं.

म्हणून खाण. समुद्रात असं काही झालं असतं तर ती जागा मला पुन्हा तशी मिळाली नसती. वाळू सरकते, पाणी एक दिवस स्वच्छ तर एक दिवस गढूळ. खाणीतली बस तिथेच आहे, त्याच खोलीवर, तोंड त्याच दिशेला. मी जे सांगते ते तिथे जाऊन तपासता येतं. मागच्या वेळी बडीला दाराशी उभं केलं, मागच्या चाकापाशी जिथून मी वर निघाले तिथपर्यंत रीळ सोडली आणि काठावर येऊन दोरी मोजली. चार मीटरही भरली नाही.

ताई अजून डायव्ह करते, समुद्रात. खाणीत चल, असं मी तिला एकदाच म्हटलं. "उन्हाळ्यात बघू," ती म्हणाली, "बसपाशी पाणी जरा गरम झालं की." तिथलं पाणी उन्हाळ्यातही गरम होत नाही. थर्मोक्लाइन म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा तिनेच समजावलं होतं.