तुम्ही विचारलंत म्हणून: घ्यायचं नसतं तर जातेस कशाला?

नणंद विचारते, सोसायटीतल्या बायका विचारतात, परवा ऑफिसात डबा खाताना तिघींनी एकदम विचारलं, की अगं कुठलंही फॉरेनचं दुकान उघडलं की तू तिथे हजर, आणि निम्म्या वेळा रिकाम्या हाताने परत, मग जातेस कशाला? इतकी वर्षं मी टाइमपास म्हणून विषय संपवत आले. टाइमपास नाहीये तो.

2005 सालची गोष्ट. आईचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी जमिनीवर मांडी घालून बसणं बंद करायला सांगितलं, म्हणून डायनिंग टेबल घ्यायचं ठरलं. आमच्या घरातलं पहिलं. बँकेतून बारा हजार काढले, आईने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये तळाशी ठेवले, आणि आम्ही दोघी नौपाड्यातल्या एका शोरूममध्ये गेलो, नाव नको. आईने खुर्ची थोडी मागे ओढली आणि हळूच टेकली, उठताना गुडघ्याला किती ताण येतो ते तिला बघायचं होतं. तेवढ्यात तिथला माणूस लांबूनच म्हणाला, "मावशी, बसू नका, डाग पडतात. घ्यायचंय का ते आधी सांगा." आई उठली. एक शब्द बोलली नाही. पदराच्या टोकाने तिने ती सीट पुसली, दोनदा पुसली, आणि म्हणाली चल. मी पैसे आहेत म्हणून सांगायला हवं होतं का? तेव्हा वाटलं हो. आता वाटतं, पैसे दाखवून बसायची परवानगी मिळवणं हे त्याहून वाईट झालं असतं. पण मी गप्प बसले हे खरं, आणि ते अजून खुपतं. टेबल कधीच आलं नाही. पुढची कितीतरी वर्षं आई कॉटवर बसून स्टुलावर ताट ठेवून जेवली, विषय काढला की म्हणायची मला असंच बरं वाटतं.

नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया, म्हणजे ते स्वीडनच्या कंपनीचं फर्निचरचं मोठं दुकान, 18 डिसेंबर 2020 ला उघडलं, कोविडमुळे तेव्हा आधी ऑनलाइन नाव नोंदवून जावं लागायचं, त्यामुळे आईला मी 2022 मध्ये नेलं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली, तुर्भ्याला उतरून रिक्षा. सव्वापाच लाख चौरस फुटांच्या वर जागा आहे, बाणांच्या मागे चालत राहायचं, प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, म्हणजे कुणाला विचारायला लागत नाही. आई पहिल्या खुर्चीपाशी थांबली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "बसू का?" ती म्हणाली, "बसा ना आजी, त्यासाठीच ठेवल्यात." सात खुर्च्यांवर बसली माझी आई. प्रत्येकीवर बसायची, तळवे जमिनीला टेकतात का बघायची, हात न टेकता उठायचा प्रयत्न करायची. मी बाजूला उभी राहून रडत होते आणि लोकांना वाटलं असेल काय झालं हिला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं त्यांच्या धंद्यासाठीच आहे. आहेच. माणूस जितका वेळ आत फिरेल तितकं जास्त घेईल, हे मलाही कळतं, कुणी आईवर उपकार केले नाहीत. आणि 2012 मध्ये हीच मी घरात तावातावाने भांडायचे, जानेवारीत सिंगल ब्रँडला, म्हणजे एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानांना, शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीची परवानगी आली, सप्टेंबरात मल्टी ब्रँडला, म्हणजे अनेक ब्रँड विकणाऱ्यांना, 51 टक्के, 20 सप्टेंबरला भारत बंद झाला तेव्हा मी बंदच्या बाजूने होते, कारण माझ्या दिराचं कळव्याला फर्निचरचं वर्कशॉप आहे. या परदेशी कंपन्यांना तीस टक्के माल इथूनच घ्यायची अट असली तरी त्याचा दिराला काय फायदा, तो काही त्यांना माल देत नाही. तेव्हाची मी चुकीची होते असं मी आजही म्हणणार नाही. फक्त आयकियातल्या त्या मुलीला आईच्या पदराची गोष्ट माहीत नव्हती.

त्या दिवशी आम्ही खुर्ची घेतली नाही. आईला जी जमली तिला हात नव्हते. तिथे मोजायला कागदी टेप ठेवलेली असते, त्या टेपने मी सीटची उंची मोजली, अठरा इंच, आणि दिराकडून तेवढ्या उंचीची हातवाली सागवानी खुर्ची करून घेतली. त्याने भावजयीचं काम म्हणून फक्त लाकडाचे पैसे घेतले. खुर्ची नेताना मात्र म्हणाला, "वहिनी, बघायला तिकडे आणि करून घ्यायला इथे, असे किती जण येणार?" लोक आता त्याच्याकडे मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात, याच्यापेक्षा स्वस्तात कर म्हणतात.

मी त्याला सांगितलं, तुझ्या तयार खुर्च्यांचं प्लास्टिक काढ, एकदोन तरी दाराशी ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसू दे. तो म्हणाला रस्त्याची धूळ बसते वहिनी, पॉलिश खराब झालं की गिऱ्हाईक भाव पाडतं, तुझ्या आयकियाला एक खुर्ची वाया गेली तर चालतं. यावर मी काय बोलणार. त्याच्याकडच्या खुर्च्या अजून प्लास्टिकमध्येच आहेत, आणि आई फोनवर विचारते, नवीन काही उघडलंय का गं.