‘गव्हावर’ स्पर्धेला पाठवला तेव्हा

जानेवारी २०२३ मध्ये माझ्या एकोणीस मिनिटांच्या लघुपटाला एका ऑनलाइन स्पर्धेत पदार्पणाचे पारितोषिक मिळाल्याचा ईमेल आला, तेव्हा मी सोलापूरच्या बसस्थानकावर मंगळवेढ्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. आनंद झाला आणि लगेच दोन मित्रांना फोनही केले. गाडीत बसल्यावर सहज म्हणून व्हिमिओ या चित्रफितींच्या संकेतस्थळावरच्या खासगी दुव्याची आकडेवारी उघडून पाहिली. त्या दुव्याचा पासवर्ड मी केवळ त्या एका स्पर्धेला दिला होता, आणि पाच आठवड्यांत लघुपट पाहिला गेल्याची संख्या शून्य होती. संध्याकाळी दुसरा ईमेल आला. धातूची ट्रॉफी हवी असल्यास १४५ डॉलर, छापील मानपत्र हवे असल्यास २५ डॉलर आणि टपालखर्च वेगळा. पोस्टरवर लावायच्या दोन डहाळ्यांचे ते चिन्ह, ज्याला सगळे लॉरेल म्हणतात, तेवढे मात्र फुकट होते.

सकाळी ज्या दोन मित्रांना फोन केले होते, त्यांना ही दुसरी हकीकत सांगायला मला आठवडा लागला.

लघुपटाचे नाव ‘गव्हावर’. मंगळवेढा हा ज्वारीचा मुलूख, तिथे गहू सणासुदीचा. होळीच्या आदल्या दिवशी एक बाई पुरणपोळीचे गहू घेऊन गिरणीत येते, वीज जाते, आणि वीज येईपर्यंत ती थांबते. कथा म्हणावी तर एवढीच. मधली दोन मिनिटे गिरणीवाला बंद पडलेल्या गिरणीच्या दगडाला टाकी लावत, म्हणजे छिन्नीने खाचा पाडत, बसतो आणि कॅमेरा हलत नाही. अशा चित्रपटाला चित्रपटगृह मिळणार नाही हे चित्रीकरणाच्या आधीच ठाऊक होते, त्यामुळे महोत्सव आणि स्पर्धा एवढाच मार्ग उरत होता. परदेशी महोत्सवात निवड झाली तरी तिथे जाण्याइतके पैसे नव्हते, म्हणून घरी बसून भाग घेता येईल अशा ऑनलाइन स्पर्धेकडे वळलो.

या व्यवहाराची रीत थोडक्यात सांगतो. पूर्वी निर्माते डीव्हीडी टपालाने पाठवत. २००० साली सुरू झालेल्या ‘विदाउटअबॉक्स’ या संकेतस्थळाने एकाच अर्जावर अनेक महोत्सवांना प्रवेशिका पाठवण्याची सोय केली. ते २०१९ मध्ये बंद झाले. आता बहुतेक स्पर्धा ‘फिल्मफ्रीवे’वर असतात. निर्मात्याने एकदा चित्रपटाचे पान तयार करायचे आणि तिथूनच हव्या त्या स्पर्धांना तो पाठवायचा. पान तयार करायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते प्रत्येक स्पर्धेच्या प्रत्येक विभागाला. म्हणूनच ज्या स्पर्धेत विभागांची संख्या चाळीसच्या पुढे जाते, तिथे मी आता थांबतच नाही. सर्वोत्कृष्ट पोस्टर, सर्वोत्कृष्ट शीर्षकपट्टी, सर्वोत्कृष्ट काळापांढरा चित्रपट अशा विभागांत प्रवेशिका घेणाऱ्याला चित्रपट पाहण्याची घाई नसते.

दुसऱ्या वेळी स्पर्धा निवडायला महिना दिला. परीक्षकांची नावे जाहीर आहेत का, ती माणसे खरोखर चित्रपट करतात किंवा शिकवतात का, आधीचे विजेते चित्रपट सापडतात का, आणि निवडलेले चित्रपट कुणाला दाखवले जातात की केवळ नावांची यादी लागते, एवढे मी तपासत गेलो. अकादमी पुरस्कारांसाठी, म्हणजे ऑस्करसाठी, पात्र ठरवणाऱ्या लघुपट महोत्सवांची यादी अकादमी स्वतः प्रसिद्ध करते, आपल्याकडचा बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव तीत आहे. त्यामुळे कुणी ‘ऑस्करचा दरवाजा’ वगैरे लिहिले असेल तर खात्री करून घेता येते. मी निवडलेली स्पर्धा त्या यादीत नव्हती आणि तसा तिचा दावाही नव्हता. युरोपातल्या एका शहरातली फिल्म क्लबची मंडळी दर तीन महिन्यांनी ती घेत. विभाग आठ, परीक्षक पाच, आणि निवडलेले चित्रपट तीन दिवस ऑनलाइन दाखवले जाणार होते. आधीच्या दोन विजेत्यांना मी पत्र लिहिले. एकाने उत्तर दिले की बक्षिसाची रक्कम नसते, मात्र परीक्षक लेखी अभिप्राय पाठवतात. मला तेवढे पुरेसे होते.

शुल्क मुदतीप्रमाणे वाढत जाते. पहिल्या मुदतीत १८ डॉलर होते, ती माझ्या हातून गेली. दुसऱ्या मुदतीत २५ डॉलर भरायचे होते. पहिल्या प्रयत्नात कार्ड नाकारले गेले, कारण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात आणि ते आपण स्वतः सुरू करावे लागतात. ते केल्यावर २५ डॉलरचे २,०७० रुपये, त्यावर बँकेचे साडेतीन टक्के आणि त्या साडेतीन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी धरून खात्यातून २,१५५ रुपये गेले.

पहिली मुदत हुकली ती उपशीर्षकांमुळे. लघुपटात ती बाई गिरणीवाल्याला म्हणते, “मामा, माझं दळण गव्हावर टाका.” ज्याने कधी डबा घेऊन गिरणी गाठली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आधी बाजरी किंवा ज्वारी दळली असेल तर दगडांत राहिलेले पीठ पुढच्या दळणात उतरते, म्हणून कुणाच्या तरी गव्हानंतरच आपला गहू घालायचा. माझ्या पहिल्या इंग्रजी उपशीर्षकात मात्र त्या बाईचे पीठ गव्हाच्या पोत्यावर ठेवायला सांगितले होते. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने ते वाचून विचारले की पोते कुठे आहे. मग आम्ही दोघे पाच रात्री बसलो. एका ओळीत साधारण बेचाळीस अक्षरे, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचून होईपर्यंत चित्राकडेही लक्ष राहिले पाहिजे, या चौकटीत ‘कुणाच्या तरी गव्हानंतर माझे दळा’ एवढे इंग्रजीत बसले. नावाचाही तोच घोळ होता. शेवटी इंग्रजी नाव ‘आफ्टर द व्हीट’ असे ठेवले. ते ऐकायला बरे आहे, पण त्यात गिरणी नाही, ही खंत अजून आहे.

दुसरी अडचण रेडिओची होती. गिरणीत रेडिओवर एक जुने मराठी गाणे वाजत होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते मला फार आवडले होते. अर्जात मात्र सर्व संगीताचे हक्क आपल्याकडे आहेत असे लिहून द्यावे लागते. ध्वनिमुद्रण १९६१ सालचे असल्याने त्याच्यावरचा साठ वर्षांचा हक्क २०२१ अखेर संपला होता, आणि मी निर्धास्त झालो होतो. एका वकील स्नेह्यांनी लक्षात आणून दिले की शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते गीतकार व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. गाणे काढले. त्या जागी माझ्या मावशीच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या घेतल्या, आणि तिच्याकडून संमतीपत्रावर सहीही घेतली. ओव्या कुणाच्या मालकीच्या नसल्या तरी आवाज तिचा होता. सही करताना तिने एवढेच विचारले की यात घराचे काही जात नाही ना.

आवाजाचे मिश्रणही पुन्हा करावे लागले. मूळ मिश्रण मोठ्या स्पीकरवर ऐकून केलेले होते. ऑनलाइन स्पर्धेचा परीक्षक लॅपटॉपवर किंवा कानाला हेडफोन लावून पाहणार, हे मी विसरलो होतो. स्वतःच्या लॅपटॉपवर लावले तेव्हा गिरणीच्या घरघरीत बाईचे निम्मे बोलणे बुडाले होते. घरघर खाली आणली, टाकीचा ठोका पुढे घेतला, आणि दोन वाहिन्यांचे (स्टिरिओ) स्वतंत्र मिश्रण तयार केले.

राहिला प्रश्न प्रथम प्रदर्शनाचा. काही महोत्सवांना चित्रपट आधी कुठेही जाहीरपणे दाखवलेला चालत नाही, आणि ऑनलाइन दाखवणे हेही दाखवणेच. माझी नजर भारतातल्या एका महोत्सवावर होती. मी आयोजकांना पत्र लिहून विचारले की तीन दिवसांच्या प्रदर्शनातून भारत वगळता येईल का. दुसऱ्याच दिवशी होकार आला. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ते काम मी पुढे ढकलले. या स्पर्धेला त्याची गरज नव्हती.

प्रवेशिका पाठवल्यावर पानावर ‘विचाराधीन’ अशा अर्थाची पाटी लागते आणि निकालाच्या तारखेपर्यंत ती हलत नाही. मी आकडेवारी मात्र रोज पाहत होतो, पहिल्या अनुभवाने लागलेली ती खोड होती. अकराव्या दिवशी पहिला प्रेक्षक दिसला आणि त्याने लघुपट शेवटपर्यंत पाहिला होता. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी सहा वेळा तो उघडला गेला. एकदा कुणीतरी टाकीच्या दृश्यापाशी सोडून दिला; तो परीक्षक कोण असावा याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

मुख्य पारितोषिक मिळाले नाही. ध्वनीसाठी विशेष उल्लेख मिळाला, तोही त्या मिश्रणासाठी, जे स्पर्धेचा अर्ज भरला नसता तर मी पुन्हा केलेच नसते. अभिप्राय दीड पानाचा होता. एका परीक्षकाला टाकीचे दृश्य फार लांब वाटले, दुसऱ्याने तेच दृश्य चित्रपटाचा कणा असल्याचे लिहिले आणि ठोके जागेवरच मुद्रित केले का असे विचारले. तसे नव्हते, शेजारच्या जनरेटरमुळे जागेवरचा आवाज वाया गेला होता आणि ठोके नंतर वेगळे घेतले होते. मी तसे कळवले.

प्रदर्शन शुक्रवार ते रविवार होते. शुक्रवारी संध्याकाळी गिरणीवाल्या मामांचा फोन आला की त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर काहीच उघडत नाही. भारत वगळायला मीच सांगितले होते, आणि ज्यांच्या गिरणीत सगळे घडले त्यांनाच मी बाहेर ठेवले, हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. शनिवारी लॅपटॉप घेऊन मंगळवेढ्याला गेलो. गिरणी तासभर बंद ठेवून मामांनी पिठाच्या डब्यांच्या फळीवर लॅपटॉप ठेवायला जागा केली. दळण घेऊन आलेल्या पाच-सहा बायकाही थांबल्या.

टाकीच्या दृश्याला कुणी कंटाळले नाही; मामा चुकीच्या हाताने छिन्नी धरतात यावर मात्र दोघींचे एकमत झाले. मग वीज येते, बाई गहू ओतते, आणि कापडी नळीतून पीठ पडू लागते, ते दृश्य पडद्यावर अगदी जवळून येते. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजी पुढे वाकल्या.

“हे गव्हाचं न्हाई बाळा,” त्या म्हणाल्या. “ज्वारीचं हाय. एवढं पांढरं गव्हाचं असतंय का?”

मामांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. चित्रीकरणाच्या दिवशी गहू संपला होता, हे त्यांनाही तेव्हाच आठवले.