व्हायकिंग वे: नकाशावर सपाट, पायाखाली चिखल

पावसानंतर व्हायकिंग वेवरच्या सूस्टर्न लेनला जाऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, पुढचं वाचा किंवा सोडा.

व्हायकिंग वे ही इंग्लंडमधली २३७ किलोमीटरची पायवाट. हंबर नदीकाठच्या बार्टनला सुरू होते, लिंकनशर उभं कापत रटलंडमधल्या ओकहॅमला संपते. १९७६ साली सुरू झाली. वाटेजवळचं सर्वांत उंच ठिकाण अवघं १६८ मीटर, म्हणून सगळे बिनधास्त सांगतात, 'सोपी आहे हो.' मोठे चढ नाहीत हे खरं. पण चढ म्हणजे काय एवढीच अडचण असते का?

सूस्टर्न लेन ही गुरं हाकत नेण्याची फार जुनी वाट, वूल्सथॉर्पच्या दक्षिणेला बराच वेळ तिच्यावरूनच चालायचं. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, त्यामुळे ऊन पोचत नाही आणि चिखल वाळत नाही. त्यात जीपवाल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी भरलेल्या. मधल्या उंचवट्यावरून जावं तर पाय घसरून थेट चाकोरीत, आणि कडेने जावं तर काटेरी झुडपं बाह्या धरतात. तासाला जेमतेम दोन किलोमीटर. गेटर, म्हणजे बुटांवरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, घातले होते, तरी बुटांत चिखल गेलाच. काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही. शक्यतो मे ते सप्टेंबर, तेही चार दिवस कोरडे गेल्यावरच.

शेवटी वैतागून टॅक्सी बोलावली. फोनवर पंचवीस पौंड ठरले होते. ग्रँथमला उतरल्यावर चाळीस मागितले, कारण काय तर सीट खराब झाली! बूट तर मी पिशवीत घालून मांडीवर धरले होते. रक्कम आधी मेसेजवर लिहून घ्या, आणि मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवाच.

आता व्हायकिंग. नवव्या शतकात डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, हा मुलुख घेतला, लिंकन त्यांच्या पाच मुख्य नगरांपैकी एक होतं. पण वाटेवर त्यांचं बघायला जवळपास काही नाही. ग्रॅस्बी, क्लॅक्सबी, वेल्सबी, टील्बी अशी बी-वाली गावं लागत राहतात, 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत गाव, तीच त्यांची खूण. दिशादर्शक पाट्यांवर शिंगांचं शिरस्त्राण आहे, तसलं खरे व्हायकिंग घालतच नव्हते. इतिहासासाठी जाणार असाल तर निराश व्हाल.

लिंकनच्या दक्षिणेला नॅव्हनबीत पाणी आणि खाणं भरून घ्या. पुढे अर्मिन स्ट्रीट हा रोमन रस्ता लागतो, सरळसोट, संपता संपत नाही. सावली नाही, दुकान नाही.

चांगला भाग म्हणाल तर केस्टर ते हॉर्नकॅसल. वेल्सबीला टेकडीवरचं जुनं चर्च आहे, आत रंगीत काचेवर पायी फिरणारे लोक येशूपुढे उभे आहेत. टील्बीत उतरताना पाय आपोआप भरभर पडले. ओकहॅमला किल्ल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर प्रचंड नाल टांगलेत, गावातून जाणाऱ्या सरदारांनी दिलेले. ट्रेनला वेळ असेल तर बघून घ्या.

सलग करायचा हट्ट नसेल तर तीन दिवस काढून केस्टर ते हॉर्नकॅसल चाला आणि घरी जा. रविवारी मात्र बस गृहीत धरू नका, शनिवारीच निघायचं बघा.