तुम्ही विचारलंत म्हणून: अपहरणाचा पिक्चर म्हटलं की मी ‘हाय अँड लो’च का सांगतो

“अपहरणावरचा एखादा जबरदस्त थ्रिलर सांग ना” असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं आणि त्यावरचा पुढचा प्रश्नही ठरलेला, की एवढे पिक्चर बघतोस आणि सांगतोस काय तर १९६३ चा ब्लॅक अँड व्हाइट जपानी पिक्चर, का रे बाबा? आजवर कॅमेरा, एडिटिंग असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आता खरं कारण सांगतो.

पिक्चर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा. मूळ जपानी नावाचा अर्थ स्वर्ग आणि नरक. योकोहामात टेकडीवर गोंदोचा मोठा एसी बंगला आहे, बुटांच्या कंपनीतला बडा माणूस, काम केलंय तोशिरो मिफुनेने. कंपनी आपल्या हातात यावी म्हणून शेअर्स घ्यायला त्याने घरसुद्धा गहाण टाकून ५ कोटी येन उभे केलेत आणि नेमका तेव्हाच फोन येतो, तुझा मुलगा आमच्याकडे आहे, ३ कोटी दे. गोंदो एका क्षणात तयार होतो. आणि तेवढ्यात त्याचा मुलगा धडधडीत समोर येऊन उभा राहतो. पळवलाय तो ड्रायव्हरचा मुलगा, कारण दोघं पोरं शेरीफ-डाकू खेळत होती आणि मधेच त्यांनी कपड्यांची अदलाबदल केली होती.

माझे बाबा एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मी सातवीपर्यंत शेठच्या मुलाचे कपडे घालून वाढलो. दिवाळीच्या आधी आईसाहेब पिशवी द्यायच्या, कपडे इस्त्री केलेले असायचे, एखाद्या शर्टाला जुना वास असायचा आणि मला तो वास आवडायचा. त्यामुळे पहिल्यांदा हा सीन बघितला ना, तेव्हा पोटात गोळाच आला, की अरे, हे तर माझ्याही बाबतीत होऊ शकलं असतं.

पहिला जवळजवळ तासभर पिक्चर त्या एका दिवाणखान्यातच चालतो. पैसे दिले तर गोंदो रस्त्यावर येणार, नाही दिले तर दुसऱ्याचं पोर जाणार. बायको विनवतेय, सेक्रेटरी पलटी मारतो, वेशांतर करून आलेले पोलीस खिडकीसमोर वाकून चालतायत कारण खालच्या वस्तीतून पोर पळवणारा माणूस बंगल्यावर नजर ठेवून आहे. आणि ड्रायव्हर आओकी जमिनीवर डोकं टेकवतो. मालकासमोर मागायचं कसं आणि मागितल्यावर उभं कुठे राहायचं, हे त्या नटाच्या पाठीकडे बघून कळतं, आमच्या घरातल्या माणसाला तर फारच कळतं.

शेवटी गोंदो पैसे द्यायला तयार होतो. पैशांच्या बॅगेत पोलिसांच्या दोन पुड्या लपवायच्या असतात, एक पाण्यात भिजली तर घाण वास सोडणारी, दुसरी जाळली तर गुलाबी धूर सोडणारी. गोंदो म्हणतो, आणा इकडे, मी करतो. जुनी चामड्याची अवजारं काढतो आणि एवढा मोठा साहेब जमिनीवर बसून बॅग शिवायला लागतो, कारण तो मुळात बूट शिवणारा कारागीरच. मला हा सीन पुढच्या ट्रेनच्या सीनपेक्षाही मोठा वाटतो. ट्रेनचा सीन भारीच आहे म्हणा, बाथरूमची खिडकी फक्त ७ सेंटिमीटर उघडते आणि त्यातून धावत्या गाडीतून पैसे खाली टाकायचे. आणि मग एका ठिकाणी चिमणीतून गुलाबी धूर येतो, अख्ख्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमध्ये तेवढाच एक रंग.

(याच गोष्टीवर १९७७ साली आपल्याकडे ‘इन्कार’ आला होता, बुटांच्या कंपनीचा मालक आपले डॉ. श्रीराम लागू. लोकांना त्यातलं उषाताईंनी गायलेलं ‘मुंगडा’ आठवतं, पण लागूंसाठी जरूर बघा.)

पण खरं कारण अजून पुढेच आहे. मी नऊ वर्षांचा असताना माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, रातोरात. पैसे शेठनी भरले, कधी परत मागितले नाहीत. त्यानंतर बाबांनी कितीतरी वर्षं रविवारची सुट्टी घेतली नाही, आणि शेठच्या मुलाशी माझं जरा भांडण झालं की चूक कुणाची हे न विचारता मला ओरडायचे. पिक्चरमध्ये मुलगा सुखरूप परत येतो, पण आओकी शांत बसत नाही, त्याला गाडीत घालून रस्त्यारस्त्याने फिरवतो, कुठे ठेवलं होतं आठव, नीट आठव, म्हणून त्याच्या मागे लागतो. एवढंसं पोर, नुकतंच सुटून आलेलं. पण मालकाचं आपल्यापायी सगळं गेलं, हे ओझं तो बाप कुठे ठेवणार?

गेल्या वर्षी बाबांना शेजारी बसवून हा पिक्चर दाखवला, सबटायटल्स मराठीत सांगत सांगत. पोर परत मिळतं तेव्हा गोंदो धावत जाऊन त्याला मिठी मारतो, तिथे बाबा म्हणाले, “मालक धावला बघ.” मग तो गाडीतला सीन आला. बाबांनी मला थांबवायला सांगितलं, आत जाऊन पाणी पिऊन आले, थोडा वेळ बंद पडलेल्या चित्राकडे बघत बसले.

“पोराला ओरडायला नको होतं त्याने,” म्हणाले. “चालू कर.”