आमची वाटचाल : खारं पाणी, करंजाचं इंधन

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा हेच आमचं कामाचं क्षेत्र. बोअर कितीही खोल घ्या, पाणी खारंच लागतं. काही गावांत लिटरमागे तीन-चार हजार मिलिग्रॅम क्षार निघतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. किडनीच्या दुखण्यानं पिचलेली घरं इथं गावोगाव भेटतात. आम्ही आरओच्या, म्हणजे खारं पाणी गाळून गोडं करण्याच्या, कामाकडे वळलो ते त्यामुळेच.

मूळ दुकान वडिलांचं, पंप आणि जनरेटर दुरुस्तीचं. गावांत आरओ संच बसवू लागलो, तशी खरी अडचण विजेची असल्याचं कळलं. ऐन उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढते आणि तेव्हाच लाइन जाते. डिझेलवर संच चालवला की जारचा भाव चढतो, मग गरीब घरं पुन्हा हापशाकडे वळतात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. ते पाणी आरओच्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलायला ५५-६० बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. आमच्या पाण्याला दहा-पंधरा बार पुरतात. त्यामुळे ताशी हजार लिटरचा संच लहान जनरेटरवर निभावतो आणि इंधन लागतं तासाला लिटर-दीड लिटर. एवढ्या गरजेचा काही भाग तरी इथल्या मातीतून भागवावा, असं मनानं घेतलं.

शेताच्या धुऱ्यावर करंजाचं झाड असतंच. बियांत साधारण तीस टक्के तेल. ढेप कडू, जनावरं खात नाहीत, पण शेताला खत म्हणून उत्तम. या तेलापासून डिझेलमध्ये मिसळायचं बायोडिझेल बनतं, पण ते आम्ही बनवत नाही. करंजाच्या तेलात आम्लता जास्त असते, ती आधी उतरवावी लागते. ते काम जाणकार उत्पादकाचंच. बायोडिझेलच्या आयएस १५६०७ या भारतीय मानकाचा चाचणी अहवाल पाहूनच आम्ही माल घेतो.

डिझेलमध्ये बायोडिझेलचं प्रमाण २० टक्क्यांवर ठेवतो. शंभर टक्के बायोडिझेलवर संच चालवून द्या, असा आग्रह करणारे ग्राहक भेटतात. त्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. हे इंधन टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि सुरुवातीला फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. आणि आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे करंजाचं बायोडिझेल गढूळ होऊन दाटतं. त्या दोन महिन्यांत आम्ही प्रमाण दहावर आणतो. पाण्याचा संच बंद पडता कामा नये, बाकी सगळं नंतर.

माझ्या मते इंधनापेक्षा मोठी बचत उष्णतेत आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते. उरलेली सायलेन्सर आणि कूलिंगमधून निघून जाते. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल, तर त्याचं गरम पाणी आम्ही हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो आणि शेजारून आरओला जाणारं कच्चं पाणी सोडतो, म्हणजे दोन्ही पाणी न मिसळता कच्चं पाणी तापतं. पाणी एक अंशानं तापलं की मेम्ब्रेनमधून गोडं पाणी सुमारे तीन टक्के जास्त निघतं. हिवाळ्यात टाकीतलं पाणी गार असतं, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. पण ३५ अंशांपुढे आम्ही जात नाही, कारण तापलेल्या पाण्याबरोबर क्षारही जास्त निसटतात. उन्हाळ्यात बायपासचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, म्हणजे कच्चं पाणी न तापता जातं.

दिवसा ऊन असेल तर सौर पॅनेलच स्वस्त पडतात, हे आम्ही प्रत्येक ग्रामपंचायतीला आधी सांगतो. मिश्रणावरचा जनरेटर पावसाळी दिवसांसाठी आणि रात्रीसाठी.

एका अटीवर मात्र तडजोड नाही. गोड्या पाण्याइतकंच खारं पाणी मागं उरतं. ते शेतात सोडलं तर आधीच चिकट झालेली काळी जमीन पार दगड होते. म्हणून बाष्पीभवनासाठी प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याला जागा देण्याचा ठराव झाल्याशिवाय आम्ही संचाची ऑर्डर घेत नाही. यावरून काही कामं हातची गेली आहेत, पुढेही जातील.