आमची वाटचाल: ग्रूव्ह बदलला

भोसरी एमआयडीसीत आम्ही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, सिलिंडर बनवतो. एक जुना लेथ आणि भाड्याचा अर्धा गाळा यावर सुरुवात झाली, आज बारा माणसं आहेत. मधली हकीकत कुठल्याही छोट्या कारखानदाराची असते तशीच, ती सोडून देतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चौदा सिलिंडर रॅकवर होते. ट्यूब होन झालेली, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेली, रॉडला क्रोम चढलेलं. नव्हते फक्त सील, म्हणजे तेल गळू नये म्हणून आत बसवायच्या कड्या. हजार-बाराशेच्या सील किटपायी चाळीस हजारांचा जॉब अडला. शेड उघडलं, तरी किट काही येईना. पुढच्या वर्षी २३ मार्चला सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवं झालं. जहाज सहा दिवसांनी सुटलं, पण बंदरांतली कोंडी लगेच सुटली नाही, आणि आमचं पार्सल त्या कोंडीत.

मग सगळे करतात तेच केलं: साठा. सहा महिन्यांचे सील भरले. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाची उचल) टोकाला गेली, आणि एवढं करून हवा तो साइज नेमका नसायचाच. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा मी एकटा पाकिटं मोजत बसायचो.

लेथवरचे मामा एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, सील मिळंना तर ग्रूव्ह बदला की!" आमचं ड्रॉइंग एका परदेशी सिलिंडरवरून उतरवलेलं, त्यामुळे ग्रूव्हचं, म्हणजे सील बसतं त्या खाचेचं, माप आडनिडं. त्यात एकाच कंपनीचं सील बसायचं, आणि इतकी वर्षं आम्ही ते माप देवाच्या मूर्तीसारखं जपलं होतं! आयएसओ ५५९७ या सीलच्या खाचांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मापात ग्रूव्ह नव्याने काढल्यावर तीन कंपन्यांचे सील बसू लागले, त्यातल्या एकीचा साठा पुण्यातच. पण गिऱ्हाइकाला पटवणं सोपं नव्हतं. एकाने नमुने दाबावर तपासायलाच पाच महिने घेतले. दुसऱ्याने साफ नकार दिला. त्याच्यासाठी जुने सील अजून ठेवतो, दरही तसा लावतो.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, माल दहा-बारा दिवस उशिरा येऊ लागला. तेव्हा आम्ही पुण्यातूनच सील उचलले.

हार्ड क्रोमचं काम मात्र अजून एकाच प्लेटरकडे. त्याची टाकी बंद पडली की आमचं असेम्ब्ली टेबल रिकामं. चाकणजवळ दुसरा बघतोय. त्याच्या पहिल्या लॉटच्या चार रॉडवर पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे, निघालं. काल परत पाठवले.