जर्मनीतल्या खाणीत हादऱ्यांचा हिशोब

खाणीत धुळीचा आणि आवाजाचा त्रास कुणालाही कळतो. हादऱ्यांचं तसं नाही. इथे जर्मनीत सुरक्षा विभागात काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं की लोडरच्या, म्हणजे माल भरणाऱ्या यंत्राच्या, सीटवर एक चपटी रबरी चकती ठेवतात. चालक तिच्यावर बसून नेहमीचं काम करतो आणि ती दर क्षणाचा हादरा नोंदवत राहते.

सगळ्यात वाईट हादरे संथ असतात, साधारण ४ ते ८ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचे. बसलेल्या माणसाचा कणा नेमक्या याच वेगाला साथ देत डोलतो, त्यामुळे खालून आलेला धक्का मणक्यांपर्यंत पोचेस्तोवर वाढतो. आज काही दुखत नाही, कंबर धरते ती वर्षांनी. अशा उभ्या हादऱ्यांनी खराब झालेल्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या १९९३ पासून इथल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. पण हा आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करणं सोपं नाही, कारण कंबर काय, कार्यालयात बसणाऱ्यांचीही दुखते.

नियम आठ तासांच्या सरासरीवर चालतो. हादऱ्याचा जोर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात; तो ०.५ च्या वर गेला की मालकाला उपाय करावे लागतात आणि कामगाराला वैद्यकीय तपासणी देऊ करावी लागते. युरोपीय संघाची कमाल मर्यादा १.१५ आहे, पण उभ्या हादऱ्यांसाठी जर्मनीने ती ०.८ वर आणली. ही सरासरी वर्गाच्या हिशोबाने निघते, म्हणून हादरा निम्मा झाला तर चौपट वेळ मिळतो. सीटवर १.० मोजलं गेलं तर ०.५ चा आकडा दोन तासांत गाठला जातो, ०.८ ची मर्यादा पाच तासांनंतर.

म्हणूनच चालकांची पाळीतली अदलाबदल मला दुय्यम वाटते. तिने हादरा कमी होत नाही, फक्त वाटला जातो. धक्का शोषणाऱ्या महागड्या सीटवरही माझा फारसा भरवसा नाही: चालकाच्या वजनाप्रमाणे ती लावली नाही, तर खड्ड्यात खाली आपटते आणि साध्या सीटपेक्षा जास्त त्रास देते. पाळी बदलली की सीट पुन्हा लावायची, एवढं सांगायला मात्र रोज जावं लागतं.

खरा फरक रस्त्याने पडतो. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरवून चाकोऱ्या बुजवल्या, वेग उतरवला की सीटवरचा आकडा लगेच खाली येतो. अडचण एकच: वेग उतरला की दिवसाच्या फेऱ्या घटतात, आणि मग उत्पादन विभागाशी आमची बैठक लागते.